नऊ दिवस

दांडिया बाजारच्या पोस्टात बाबांनी
एकतीस वर्षं शिक्के मारले.
अजून विचारतात,
"एका शिक्क्याला एवढा वेळ?"

मी सांगते, आले तर
इकडे परत शिरता येईलच असं नाही,
वकील नको म्हणतोय, रेवाची शाळा...
"हो हो, घाई नको," म्हणतात
आणि फोन आईकडे.

आई संकष्टीचा चंद्रोदय विचारावा
तशी विचारते,
या महिन्यात तुमची तारीख किती सरकली?
नऊ दिवस.
"सरकली ना!"

मग दोघंही फोन बंद करायचं विसरतात.
कुकरची शिट्टी. खाली कुणाची तरी स्कूटर.
बाबा मोठ्यानंच बोलतात, यंत्र कानात नसणार:
"वरच्या गीझरचं जिग्नेशला सांग,
राहू दे.
एवढ्यात नको."