दहाशे चाळीस

जानेवारीत सुओमुस्साल्मीला सूर्य येतो
तो सही करून लगेच निघणाऱ्या कारकुनासारखा.
सौनाबाहेरच्या खोलीत, बाकाखाली,
पंचवीस लिटरची पांढरी बादली:
पाणी, सहा किलो साखर, दोन लिंबं, मूठभर बेदाणे.
याला आम्ही किल्यु म्हणतो.
वाइन म्हटलं तर वाइनला राग येईल.

सातव्या दिवशी झाकणावरची नळी बोलेनाशी झाली.
तीन दिवस काचेचा काटा सोडून पाहिला.
दहाशे चाळीस.
दहाशे चाळीस.
दहाशे चाळीस.
चव घेतली. गोड, मागून थोडी दारू,
मोडलेल्या लग्नाचा उरलेला केक असावा तशी.
बादली हलवली. शिव्या दिल्या;
फिनिशमध्ये त्यांची टंचाई नाही.
ढिम्म.

मग आर्मासला फोन लावला.
नंबर पाठ होता, दोन वर्षं लावला नव्हता तरी.
वडिलांची होडी मी त्याला न विचारता विकली.
एवढंच. आमच्याकडे एवढं पुरतं.

"कोण?"
"रेइनो. माझं किल्यु अडलंय."
बराच वेळ नुसता केमीचा वारा ऐकू आला.
"कितीवर?"
"दहाशे चाळीस."
"सुरुवात?"
"दहाशे नव्वद."
"बादली कुठंय?"
"जमिनीवर."
"जमिनीवर," तो म्हणाला,
डॉक्टर "रोज वीस सिगरेटी" म्हणतात त्या आवाजात.
"बाहेर उणे एकतीस, आणि तू त्यांना फरशीवर निजवलंस.
मेलं नाहीये यीस्ट. गारठून तळाशी बसलंय. उचल वर.
खायला काय घातलंस?"
"साखर."
"साखर म्हणजे जेवण नव्हे.
द्राक्षाच्या रसात सगळं असतं, तुझ्या पाण्यात काय आहे?
नुसत्या गोडव्यावर कोण राबेल?
मी कागदाच्या गिरणीत अठ्ठावीस वर्षं काढली,
तिथे निदान कॉफी मिळायची.

"पावाच्या यीस्टची जुनी पुडी असेल तर उकळ.
चांगलं मरू दे. मग ओत बादलीत.
जिवंत यीस्ट मेलेलं यीस्ट खातं."

इथे आम्ही दोघंही थांबलो.
होडीचं इंजिन मी वेगळं विकलं होतं,
हे त्याला अजून ठाऊक नाही.

"आंबटही झालं असेल," तो पुढे म्हणाला.
"अंड्याचं कवच कुटून चिमूटभर टाक.
आणि नवं यीस्ट वेगळ्या कपात जागं कर, कोमट पाण्यात.
फेस आला की बादलीतलं एक डाव त्यात.
अर्ध्या तासानं आणखी एक.
एकदम ढकलू नकोस. तिथे आधीच दारू आहे,
नव्याला सोसत नाही."
"असं कुठवर?"
"कप भरेपर्यंत. मग पातेलं. का, घाई आहे तुला?"
नव्हती.

रात्री दीडपर्यंत डाव मोजत बसलो.
बादली वरच्या बाकावर, लोकरी कोटात गुंडाळलेली.
कोट आर्मासचा. होडीच्या भांडणात इथेच राहिला;
ना त्यानं मागितला, ना मी टाकला.
खिशात मासेमारीचं जुनं परमिट सापडलं,
दोघांच्या नावाचं. परत खिशातच ठेवलं.

पहाटे चारला नळीत काहीतरी हललं.
वाटलं, उंदीर.
टुप्.

हा काही फोन करायचा वेळ नव्हता.
केला. काही न बोलता नळीजवळ धरला.
तोही काही बोलला नाही, पण खोकला,
म्हणजे होता.
मी सेकंद मोजले. एकोणीस, वीस, एकवीस.
सव्विसाव्याला
टुप्.

"सावकाश आहे," तो म्हणाला.
मी म्हटलं, "हो."
"इंजिनाचे किती आले?"