डावीकडून उजवीकडे

नियम साधा आहे: आवाज डावीकडून येतो.
कागदाच्या डाव्या कडेला मायक्रोफोन, एकाखाली एक, सहा.
गोलाला चिकटून एक उभी रेघ,
भिंतीला कान लावून कुणी बसावं तशी.
मग मिक्सर, प्रोसेसर, चौकोनच चौकोन.
अ‍ॅम्प्लिफायर त्रिकोणी, टोक उजवीकडे.
उजव्या कडेला स्पीकर, तोंडं उघडी.

चौकोनात डाव्या अंगानं शिरायचं,
उजव्या अंगानं बाहेर पडायचं.
पंक्तिबेन म्हणतात, लग्नाच्या हॉलसारखं,
एका दारानं आत, जेवून दुसऱ्या दारानं बाहेर.
चित्र वर, ध्वनी मध्ये, कंट्रोलची तुटक रेघ तळाशी.
रेघांनी एकमेकींना कापू नये.
कापलंच, तर एकीनं छोटी उडी मारावी,
पोर गटारावरून मारतं तशी,
पाय न भिजवता.

सयाजीगंज, चौथा मजला, दुपारचे तीन.
अर्धा सेंटिमीटर वर. नको, पुन्हा खाली.
चार तास मी नुसत्या रिकाम्या जागा सारख्या करतेय.
नकाशा नाहीच हा. इथे दोन चौकोनांत अंगठ्याएवढं अंतर,
तिथे, दांडियाबाजारात, मंडळाच्या हॉलमध्ये,
मध्ये जिना, पाण्याची टाकी, मखर ठेवायची खोली:
नव्वद मीटर केबल.

काल मोजमापाला गेले होते.
खानवेलकर भेटले. एकतीस वर्षं डाव्या विंगेत
स्टुलावर बसून आवाज वर-खाली करणारे.
"बस ने," म्हणाले, आणि पिशवीतून वही काढली,
दुधाच्या हिशेबाची असते तसली, लांबुडकी.
तिच्यात सगळी सिस्टीम, बॉलपेननं,
पण उलटी. उजवीकडून सुरू.
"शेवटची रांग, पंख्याखालची खुर्ची," बोट ठेवून म्हणाले,
"तिथे दिघेबाईंना ऐकू आलं पाहिजे.
तिथून मागे मागे येत जा."
दिघेबाई जाऊन सात वर्षं झाली.
खुर्ची वहीत आहे अजून. तिच्याकडे बाण आहे.

मी म्हटलं, पद्धत अशी नसते.
"हां, बराबर," म्हणाले,
आणि वही माझ्याकडे आणखी थोडी सरकवली.

मधोमध, जिथे मिक्सर हवा,
एक वेडावाकडा गोल होता. आत लिहिलेलं: मी.
सहा रेघा आत, दोन बाहेर.

माझ्या लायब्ररीत सोळाशे चिन्हं आहेत.
प्रोजेक्टर तीन तऱ्हांचे, पडदा सरकता, पडदा स्थिर,
फरशीतली डबी, भिंतीवरचं बटण.
माणसाचं एकही नाही.
नवा प्रोसेसर कोण बोलतंय ते स्वतः ओळखतो,
बाकीचे माइक गप्प करतो,
शिटी वाजायच्या आधीच तिचा गळा धरतो.
कमिटीला तेच हवंय.
कोटेशनमध्ये ऑपरेटरच्या रकान्यात शून्य आहे.
ते मीच भरलं, मंगळवारी, चहा पिता पिता.

संध्याकाळी पंक्तिबेन सेव-उसळ घेऊन आल्या,
स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, वा, एकही रेघ कापत नाही.
खरंच कापत नव्हती.

त्या गेल्यावर मी प्रोसेसर दोन घरं उजवीकडे सरकवला.
सहा रेघा ताणल्या गेल्या,
दोघींना उड्या माराव्या लागल्या,
एक लेबल त्रिकोणावर चढलं.
मध्ये जागा झाली, स्टुलाएवढी.
तुटक रेघांचा चौकोन काढला: हाती फेडर, आठ.
अशा चौकोनात 'भविष्यासाठी' लिहायची रीत आहे.
लिहिलं. खोडलं.
'डावी विंग' लिहिलं.
किंमत अठरा हजार चारशे. कमिटी विचारणार,
आणि काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

शेवटच्या स्पीकरच्या पलीकडे
शीटची चौकट संपते.
पंख्याखालची खुर्ची त्याच्याही पुढे कुठेतरी.
प्रिंटमध्ये ती यायची नाही.
समास दहा मिलिमीटर.