सहावा रकाना

मन्याडच्या काठी, कंधारच्या अलीकडं,
ज्वारीच्या पानांवर धूळ बसायच्या दिवसांत
आमचं टेबल मांडलं होतं, एक पाय विटेवर.
रिसालदार मोरतळे, निवृत्त.
बब्रुवान कोटगिरे, घोड्यांचे दलाल.
आणि मी, जनावरांच्या दवाखान्यातला ड्रेसर,
बत्तीस वर्षं शेपट्या उचलून ताप मोजलेला.

कागदावर सहा रकाने.
उंची. दात. मान. खूर. चाल.
सहाव्यात नुसतं ‘साज’, दहापैकी.
कशाला द्यायचे ते कुणी लिहिलं नव्हतं.

मग देवबा साळुंकेची कवडी आली.
कपाळावर आरसा, गळ्यात निळ्या मण्यांचे चार पदर,
दुमचीला डाळिंबी गोंडे,
तंगावर पोपटी लोकरीची वीण.
सगळं रुखियाबी पटवेकरणीच्या बोटांचं.
ती दोरापाशी उभी, तोंडात धागा धरून,
जशी काही एक गाठ अजून राहिलीय.

रिसालदार म्हणाले, उतरव.
रागानं नाही. आवाज इस्त्री केलेला.
“गोंडा हलतो अन् आपल्याला वाटतं मान डोलली.
घुंगरू वाजतं, चुकलेली टाप ऐकू येत नाही.
तपकिरी चामडं, पितळी बकल, बस.
घोडी बघायचीय, वरात नाही.”
बब्रुवान सुपारी कातरत हसले,
“साहेब, विकताना मी आधी गोंडाच दाखवतो.”
“तेच म्हणतोय मी.”

मला पटलं. खरं सांगतो, पटलं.
मखमली झुलीखालच्या किती पाठी बघितल्यात मी:
रुपयाएवढी जखम, कडेला हळद, वर जर.
हात घातल्याशिवाय मी कुठल्याच रंगाला मानत नाही.
घातला. कवडीची पाठ कोरडी,
केस न् केस जागेवर.
फोड निघाला तो लोह्याच्या उंच घोड्याला,
तपकिरी, नियमातल्या खोगिराखाली.
तेही लिहिलं. वाद काही मिटला नाही.

देवबानं गाठी सोडल्या, दोन दातांनी.
सतरंजीवर साजाचा ढीग पडला,
एक शेळी येऊन हुंगून गेली.
अन् कवडी निघाली, उघडी.
मागच्या डाव्या टापेला
केसभर उशीर.
रिसालदारांनी माझ्याकडं बघितलं.
मीही ऐकलं होतं.

रुखियाबीला मी उगाच शहाणपण सांगितलं,
“मावशी, घोड्याला तांबडं दिसत नसतं.
निळं दिसतं, पिवळं दिसतं.
तुमचा डाळिंबी तिला नुसता मळका.”
तिनं तोंडातला धागा काढला.
“तिला कामून दिसावं?
चार सालामागं ह्याच जत्रंत बिथरून सुटली,
सांजच्या धुळीत तीनशे घोडी,
सगळी एकावाणी.
देवबाचा बाप गोंडा बघत गेला.
गोंडा मपला होता.”
मी पुस्तकाचं पुढं काही बोललो नाही.

रिसालदार उठले. गुडघा वाजला.
घोडीशेजारी बसून डावा खूर मांडीवर घेतला,
“खिळा सैल आहे. घिसाड्याला दाखव.”
“म्याच घिसाडी हाय, साहेब,” देवबा म्हणाला,
अन् मान खाली घालून हसला,
स्वतःच्या घरी दिवा नसल्यासारखा.
मग त्यानं ढिगातून एकेक उचललं,
झटकलं, बांधायला घेतलं.
“देवापुढं अशी कशी न्यावी.”
कवडी मान आवरेना.
मोरकी धरून उभे राहिले ते रिसालदारच,
अन् गोंडा त्यांच्या बाहीला घासत राहिला.
त्यांनी बाही काढून घेतली नाही.
कागदावर मात्र त्यांचा शून्य शून्यच होता,
बब्रुवानचे दहा.

“ड्रेसर, सहावा रकाना?”
माइकवाला घाई करत होता.
मी सात लिहिले.
का सात, ते आजही कुणी विचारलं
तर मी चष्मा पुसतो.