नेलपॉलिशचा ठिपका

चिखलदऱ्याला जायचं ठरलं तेव्हा पारा पंचेचाळीसवर
आणि आमची वॅगनआर दारातल्या कडुनिंबाखाली
लिंबोळ्या अंगावर घेत तीन महिने उभी.
ह्यांच्या डोळ्यांची ऑपरेशनं झाली, दोन्ही, पाठोपाठ,
तेव्हापासून किल्ली माझ्याकडे.
हिंगाच्या डबीसारखी
मी ती जपून, चिमूटभर वापरते.

सकाळी सहाला, ऊन भिंतीवरून उतरायच्या आत
बॉनेट उघडलं.
हे पायरीवर, काळा चष्मा लावून,
नुसत्या आवाजावर इंजिन बघत होते.
"कूलंटचं झाकण गाडी थंड आहे तोवरच उघड.
डिपस्टिक ओढ. पूस. परत घाल. आता ओढून बघ.
पहिल्यांदा दिसतं ते खरं नसतं."
हे लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर,
असं मी म्हणाले नाही. तेल पुसलं.

स्टेपनीत हवा नव्हती.
वायपरची रबरं जुन्या चकलीसारखी मोडत होती.
जॅक सापडला, त्याचा दांडा नाही.
"आणि एअर फिल्टर काढ," हे म्हणाले, "कडेला खूण कर."
खूण कशानं?
हर्षदा माहेरी येऊन विसरून गेलेली
मरून नेलपॉलिश होती कपाटात.
एक ठिपका. कुंकवाएवढा.

रिंगरोडवरचं गॅरेज काचेचं. आत एसी, गार पाणी.
टाय बांधलेल्या मुलानं आधी 'काकू' म्हटलं,
कागद छापून आल्यावर 'मॅडम'.
इंजिन फ्लश, इंजेक्टर, एसीत जंतुनाशक फवारणी,
अकरा हजार चारशे, आजच केलं तर सूट.
"बघा ना, हा तुमचा फिल्टर."
काळाकुट्ट, मेलेल्या वटवाघळासारखा.
मी तो चारी कडांनी फिरवला.
"माझा कुठाय?"
"हाच तर आहे."
"बाळा, माझ्या फिल्टरला कुंकू आहे."

माझा फिल्टर आतून आला,
'पोराची चूक झाली' असं काहीसं पुटपुटत.
समोर बसवून घेतला.
पाण्याचा ग्लास मात्र पूर्ण संपवला.
रागात आणि उन्हात एकदम निघू नये.

सक्करदऱ्याला निनावेंचं दुकान म्हणजे
चार बल्ल्यांवर टिनाचा पत्रा.
त्यांनी चाक माझ्यासमोर काढलं, मी उकिडवी बसले.
"बाई, हे पॅड गेले. घाटात जाऊन रायल्या न तुमी?
मंग बदलाच."
इथं माझा ठिपका नव्हता.
चाकाच्या आत माझा हात कधी पोचलाच नव्हता.
मी पॅडकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, परत पॅडकडे.
दुसऱ्यांदाही पातळच दिसलं,
चहात बुडवून काढलेल्या बिस्किटासारखं.
"अन् इंजिन फ्लश?"
"कायचा फ्लश? त्या पैशाची वरतं रबडी खा."

बॉनेट लावताना फिल्टर त्यांना दिसला.
"हे काय होय बाप्पा?"
मी सांगितलं, लाजत. ते इतके हसले
की हातातला पाना पडला.
"आहे का शिशी जवळ? आणा."
आणि नव्या पॅडच्या पाठीवर, ग्रीसच्या बोटांनी,
एकेक ठिपका.
"तापून जळून जाईन. पण लावू."
बाराशे घेतले. जुने पॅड पेपरात बांधून दिले,
पेढे द्यावेत तसे.

परतवाडा सोडल्यावर वळणं सुरू.
हे शेजारी, दरीकडे न बघता
माझ्या पायाकडे कान लावून.
एका वळणाआड वानरांची टोळी, ऐन रस्त्यात.
दाबला.
डिकीतली पुडी घसरत पुढे आली, गाडी नाही.
"लागला?"
"लागला."

वानरं उठायला तयार नव्हती.
तेव्हा ह्यांना आठवलं:
जॅकचा दांडा घरीच आहे,
कूलरच्या खिडकीला टेकू म्हणून.
लावला कुणी?
ह्यांनीच, मार्चमध्ये.