श्रावणात मासळीचा वास

श्रावणी सोमवार. खाली तांडेलांकडे साबुदाणा भिजलेला,
आणि आमच्या माहीमच्या तिसऱ्या माळ्यावर
करपलेल्या मासळीचा वास.

मी जिन्यातून ओरडले, "इंदूताई, आजसुद्धा?"
ती वर आली, पदराला हात पुसत,
नाक वर करून खोलीभर हिंडली,
आणि दारामागच्या बोर्डापाशी थबकली.
"वैजू, मासे तुझ्या भिंतीत तळतायत."

तोवर काही कळलंच नव्हतं, असं नाही.
मिक्सर लावला की दिवा मान खाली घालायचा,
चटणी झाली की हळूच वर बघायचा.
फ्रिजच्या मुठीला ओला हात लागला की कोपरापर्यंत मुंग्या.
आम्ही तो चपला घालून उघडायचो,
पाहुण्यांनाही सांगायचो, "अनवाणी नको हं,"
देवळाच्या बरोब्बर उलट.
टीव्हीमागे एका प्लगात तीन, तिनांत पाच.
पंख्याचं बटण दाबलं की आत चुरचुर,
आणि बटणाची पाठ कोमट,
आत्ताच कुणी उठून गेलेल्या खुर्चीसारखी.

फ्यूज आधी महिन्यातून दोनदा जायचा, मग आठवड्यातून.
मग अण्णांनी एका रविवारी स्टुलावर चढून काहीतरी केलं
आणि तो जायचा थांबला.
केवढं कौतुक झालं अण्णांचं!
बेस्टमध्ये बिलं तपासण्यात जन्म गेला त्यांचा,
विजेशी गाठ ती कागदावरच.

भाऊ फोनवर म्हणाला,
"बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणारच आहे, कशाला पैसे घालतेस?"
अकरा वर्षं जाणारच आहे.
अकरा वर्षं बैठकीत चहा येतो, सह्या होतात,
आणि जिन्यातला दिवा तसाच फडफडतो.

बशीर परकार आला. मेन बंद केला.
दाराच्या चौकटीवरची सागवानी पट्टी उचकटली.
आत तारा होत्या, सुती कापड नेसलेल्या,
लेंग्याच्या नाडीसारख्या मळकट.
त्याने एक चिमटीत धरली.
कापडाखालचं रबर खारीसारखं
माझ्या धुतलेल्या लादीवर सांडलं.
"ही टाकली तेव्हा घरात काय होतं? चार दिवे, दोन पंखे, एक रेडिओ.
आता बघा, एसी, गिझर, मशीन... बिचारी किती ओढणार?"
मग तीन भोकांच्या प्लगचं झाकण काढून दाखवलं.
वरच्या मोठ्या भोकामागे तारच नव्हती.
इतकी वर्षं आम्ही भरवशाने पिन खुपसत होतो ती नुसत्या हवेत.

शेवटी त्याने फ्यूज उपसला. पांढरी चिनीमाती, कडेला काळी.
केसाएवढी तार असायची तिथे
तांब्याचे पाच पदर पिळून बसवलेले,
टोकं नीट दुमडलेली. अण्णांचीच दुमड,
पाकिटावर तिकीट लावतानाही अशीच कोपरे दाबायचे.
"कुणी बांधलं?" त्याने विचारलं.
मी सांगितलं. तो जरा वेळ बोलला नाही.
मग म्हणाला, "बाय, फ्यूजचं काम जळायचं.
तो जळला नाय, तर घर जळतं.
आणि आग तुमच्या बिल्डरसाठी थांबत नाय."

नऊ दिवस भिंती चिरत होते.
भाताच्या पातेल्यातसुद्धा चुना.
रात्री मेणबत्तीत जेवताना
मी त्या चिरांमध्ये बघत बसायचे,
लाल, काळी, आणि पहिल्यांदाच हिरवी.
खर्चाचा आकडा भावाला सांगितला नाही. अजून सांगितलेला नाही.

नारळी पौर्णिमा झाली. बुधवारी दुपारी
पुन्हा तो वास.
मी धावत गेले, बोर्डावर तळहात ठेवला.
थंड.
पंख्याचं बटण, थंड. प्लग, थंड.
फ्रिजलाही शिवून पाहिलं, अनवाणी.

मग ताटली घेऊन खाली गेले.