चांदण्यात बोटी घरी असतात

किसुमूहून निघताना सगळं तयार होतं माझ्याकडे:
चाळीस पानांचा आराखडा, रंगीत पेनं,
आणि शेवटच्या पानावर एक रिकामी चौकट.
'समाजाचा सहभाग'. सही. तारीख.

न्यालोरोच्या किनाऱ्यावर बैठक भरली,
म्हणजे मी उभी राहिले आणि बाकीच्यांची कामं चालूच राहिली.
बायका वाकून जाळ्यांवर ओमेना पसरत होत्या,
बोटाएवढे चंदेरी मासे,
ऊन आहे तोवर उलटावे लागतात.
मी त्यांच्या पाठींशी बोलत होते.

गोळी रोज एक, मी म्हणाले,
एच.आय.व्ही. गाठायच्या आधीच घ्यायची,
म्हणजे तो अंगात मूळ धरत नाही.
रिस्परने नमुन्याची बाटली उचलली,
कानाशी नेऊन हलवली.
खुळ खुळ खुळ.
"पोरासाठी आणलीस होय?"
हसणं ओसरल्यावर ती म्हणाली,
"लेसोच्या गाठीत बांधून निघाले
तर माझ्याआधी हीच सासरी पोचेल, दवंडी पिटत.
त्यात बाटली तीच, जी आजारी माणसांना देता.
मी आजारी नाही म्हणून घेतेय,
हे कोण ऐकून घेईल, सांग?"

मी लिहिलं: बाटली. आवाज.
खाली रेघ मारली.

ओकुंबा जाळं सांधत बसला होता.
दवाखाना कधी उघडा असतो, त्याने विचारलं.
आठ ते चार.
"आठला मी झोपलेला.
चारला दिवे बोटीत चढवत असतो."
मग कार्ड उलटंसुलटं करून बघत,
"अठ्ठावीस दिवसांनी या. हा कुणाचा महिना?"
आणि त्याने मला त्यांचा महिना सांगितला:
ओमेना काळोखात दिव्याकडे येते,
अमावास्येच्या आगेमागे घर म्हणजे पाणीच.
चंद्र भरत आला की दिवा फिका पडतो,
मासा फसत नाही,
बोटी वाळूवर पालथ्या.
"तेव्हा ये. चांदण्यात आम्ही सापडतो."

चाळीस पानांत चंद्र कुठेच नव्हता.

मग सगळे एकदम बोलू लागले.
गोळ्या बारच्या मागच्या खोलीत ठेवा, एक पोरगा म्हणाला.
तिथे माझा भाऊ बसतो, त्याची बायको ओरडली.
ते भांडण मिटलं नाही, अजून मिटलेलं नाही.
एकीने विचारलं, सुई असते ना दोन महिन्यांची?
सुई खुळखुळत नाही. ती कधी येणार?
मला माहीत नव्हतं.
माहीत नाही, असं मी म्हणाले,
आणि पहिल्यांदाच दोन-तीन पाठी माझ्याकडे वळल्या.

आकेयो तोवर गप्प होती,
सगळ्यांत थोरली, गुडघे वाळूत रोवलेली.
"बोटवाला मासळी उधार देतो," ती म्हणाली.
"उधारी कशाने फिटते ते तुझ्या वहीत लिहू नकोस.
पण ते धरूनच काय ते आख."

मी पेनाला टोपण लावलं.
त्या दिवसातली तेवढीच ओळ
कुठेही लिहिलेली नाही, आणि पाठ आहे.

आराखड्याच्या पाठकोऱ्या बाजूंवर नवा आराखडा झाला.
त्यावर खवले चिकटले, बोटांचे तेलकट ठसे उमटले.
वरच्या कार्यालयातून फोन आला:
कागदांना वास येतोय. आणि चौकटीत सही कुठाय?

पहिल्या पौर्णिमेला आम्ही रात्री नऊला टेबल मांडलं,
तराजूच्या छपराखाली.
एकोणीस जण आले.
ओकुंबा नाही आला. मासा दुसऱ्या बेटाकडे वळला होता,
आणि त्याच्यामागे तो.
कार्ड इथलं, माणूस तिथला:
हे आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं, त्यालाही.

रिस्परने जुन्या लेसोच्या थैल्या शिवून आणल्या होत्या,
आत कापसाचा थर.
एक तिने माझ्या कानाशी धरून हलवली.
मी ऐकत राहिले.
मागे तळ्याचं पाणी तेवढं वाजत होतं.
"आता पुढची बैठक," ती म्हणाली,
"त्या बेटावर घे. आणि बसून बोल."