क्लेमचा मजला

चैताली, तीन कंपन्यांची तीन पत्रं
तू उडप्याच्या टेबलावर पसरलीस,
पंख्यानं उडू नयेत म्हणून वर पाण्याचा पेला ठेवलास,
आणि विचारलंस, काका, कुठली धरू?

कमिशनचा तक्ता नंतर वाच.
बॅलार्ड इस्टेटच्या त्या इमारतीत
भरतीवाले तुला सहाव्या मजल्यावर नेतील.
तिथं काच आहे, कॉफीचं मशिन आहे,
बँकॉकला जाऊन आलेल्यांचे फोटो आहेत.
तू पहिल्या मजल्यावर उतर.
तिथं क्लेम घेतात.
बाकावर तासभर बस. कुणी हटकलं तर म्हण, वाट बघतेय.

बघ, मयताचा दाखला घेऊन आलेल्या बाईला
ते आधी 'बसा' म्हणतात
की आधी 'झेरॉक्स कुठाय'.
एकाच कागदासाठी तिला कितव्यांदा बोलावलंय, विचार.
ती सांगेल.
अशा बायका तारखा विसरत नाहीत.

मग जुने एजंट गाठ. कामावर असलेले नकोत,
सोडून गेलेले.
लालबागचा मुणगेकर आता चष्मे विकतो.
त्याला विचार, जुन्या हप्त्यांवरचं कमिशन अजून येतं का.
जी सोडून गेलेल्याचं देणं देते
ती मेलेल्याचंही देईल.
बहुतेक.

पैसे भरून ट्रेनिंग म्हणाले तर चप्पल घाल आणि नीघ.
पन्नास नातेवाइकांची यादी मागतीलच, सगळेच मागतात.
घरी जाऊन एकदा मावशीला ती पॉलिसी समजावून बघ.
जिथं जीभ अडखळेल
त्या कलमाखाली रेघ मार.

क्लेम दिल्याचा आकडा अहवालात छापतात, तोही बघ.
शंभरात सत्त्याण्णव, असं काहीतरी असेल.
उरलेल्या तिघांना नावं असतात, एवढं लक्षात ठेव.
त्यातलं एक मला पाठ आहे.

जनार्दन वैती. ससून डॉकवर बर्फ फोडायचा.
मधुमेहाचा रकाना आला तेव्हा म्हणाला,
एक गोळी खातो सकाळची.
एकतीस मार्च होता.
साहेब टेबलावर पेन आपटत होता:
'नाही' लिही रे, मेडिकलला गेलं की महिना गेला.
त्यानंच पेन पुढे केलं.
मी लिहिलं. वेलांटी दीर्घ, शुद्ध.
माझं अक्षर पहिल्यापासून चांगलं.

दीड वर्षात वैती गेला.
कंपनीनं इस्पितळाचे कागद शोधून काढले
आणि पत्र पाठवलं, माहिती दडवली म्हणून.
साहेब तोवर बढती घेऊन नाशिकला.

द्वारकाबाई भांडायला आल्या नाहीत.
फॉर्मची झेरॉक्स मागितली, उभ्यानंच बघितली,
सहीवर बोट ठेवलं, मग वर सरकवत त्या रकान्यापर्यंत नेलं.
'सही त्यांचीच हाय.
ह्यो नाही कोनाचा?'

बावीस वर्षं झाली.
मी तेव्हा म्हणालो, चौकशी करतो.

म्हणून, तिन्ही ठिकाणच्या साहेबांना विचार,
सर, गिऱ्हाइकाला शुगर आहे,
टार्गेटला एक पॉलिसी कमी पडतेय, काय लिहू?
जो हसेल त्याच्याकडे जाऊ नकोस.
'ते आपण बघू' म्हणेल त्याच्याकडे तर नकोच.
जो कपाळाला आठ्या घालून म्हणेल,
आहे ते लिही, गेली पॉलिसी तर गेली,
वरून तुझ्यावर चिडेलही,
त्याच्या कंपनीचं नाव मला फोन करून सांग.
एकतीस वर्षांत असा एक भेटला होता,
आणि त्याच्या केबिनमध्ये पंखा चालत नसे.

पेन मात्र स्वतःचं ने.

चल, बिल मी देतो.
पत्रं उचल, वरचं भिजलंय बघ,
पेल्याचा गोल नेमका
बोनसच्या आकड्यावर उमटलाय.